खाली गाडी

काट्यावर बसणाऱ्या माणसाशी कोणी धड बोलत नाही. शेतकऱ्याला वाटतं मी वजन कमी दाखवलं, शेठला वाटतं जास्त. मला त्याची सवय आहे. मी म्हणतो, बाप्पा, माझ्याशी कायले भांडतो, समोर बोर्डावर लाल आकडे आहेत, ते वाच.

सौंसरच्या बाहेर, नागपूर रोडच्या अंगाला आमची जिनिंग आहे. कापूस येतो, मशीनमध्ये सरकी वेगळी होते, रुई वेगळी होते, रुईच्या गाठी बांधून ट्रक जातात. मी तिथं धरमकाट्यावर. भरलेली गाडी काट्यावर चढली की वजन घ्यायचं. कापूस उतरवून तीच गाडी परत आली की खाली, म्हणजे रिकाम्या, गाडीचं वजन घ्यायचं. वजाबाकी करा, झाला कापूस. डोकं फारसं लागत नाही, पण नजर लागते. कोणी भरल्या वजनाच्या वेळी ड्रायव्हरला बसवून ठेवतो अन् खाली वजनाच्या वेळी गुपचूप उतरवतो. कोणी बोऱ्याखाली गोटा ठेवतो. काटा दहा किलोसुद्धा सोडत नाही, अन् मीही सोडत नाही.

घर माझं जिनिंगच्या भिंतीला लागूनच, मागच्या गल्लीत. सात-आठ घरं, एक हँडपंप, एक कडुनिंब. गल्लीची वाट नाल्यावरून जायची, पण यंदाच्या पुरात रपटा, तिथला बुटका पूल, वाहून गेला. तेव्हापासून गल्लीतली कुठलीही गाडी जिनिंगच्या आवारातून, काट्यावरूनच बाहेर निघते. दुसरी वाटच नाही.

शेठला सरकीचं तेल काढायचा नवा शेड टाकायचा होता, अन् त्यासाठी आमची गल्ली पाहिजे होती. त्यानं कधी धाकदपटशा केला नाही, हे आधी सांगतो. मुनीम दादाराव घरोघरी जायचे, ओसरीवर बसायचे, पाणी प्यायचे. पिशवीतून पेढ्यांचा डबा काढायचे अन् म्हणायचे, “कागदपत्र मागून होत राहील. आधी तोंड गोड करा.” आमच्याकडे दारात आलेलं गोड कोणी नाकारत नाही. भांडण असलं तरी नाकारत नाही. पेढा खाल्ला की सौदा झाला असं कोणी म्हणत नव्हतं, पण व्हायचा.

सगळ्यात आधी केसरकाकूंचं घर गेलं. त्या अन् रघुनाथराव काका, दोघंच राहायचे. काकूंचं तोंड भारी तिखट. दर सीझनला भिंतीवर चढून मला हाक मारायच्या, “सुधाकर, तुह्या शेठले सांग, माह्या पापडावर कापूस नाही पायजे मले! पापड हाय का गोधडी?” सगळी जिनिंग हसायची. मला तर वाटायचं, शेडचा पहिला खांब याच बाई उपटून फेकतील. पण दादाराव जाऊन आले, अन् दुसऱ्या दिवसापासून भिंतीवरून आवाज नाही. पापड वाळत होते, त्यावर रुई बसत होती, अन् काकू बाजूला नुसत्या बसून होत्या.

दिवाळीनंतर त्यांचं सामान निघालं. टेम्पो जिनिंगचाच, ड्रायव्हर मंगेश. त्या टेम्पोचं मंगेशसकट खाली वजन मला पाठ आहे, रोज घेतो. मागं गोदरेजचं कपाट, लोखंडी पलंग, पाटा-वरवंटा, गव्हाची कोठी, त्यावर काका-काकू बसलेले. काट्यावर गाडी थांबली. मी सवयीनं बोर्डाकडं पाहिलं.

खाली वजन.

मी काटा शून्यावर आणला, मंगेशला गाडी मागं घेऊन परत चढवायला लावली. तेच.

“काकू,” मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “काही राहिलं तं नाही न घरात?”

“नाही बाप्पा. सगळं घेतलं.”

“वाईट वाटत असन.”

“कायचं वाईट?” काकू म्हणाल्या. “काहीच वाटून नाही राहिलं मले.”

त्यांच्यामागून मोहगावची कापसाची गाडी चढली. तिचं वजन बरोबर निघालं, शेतकऱ्यानं घरून मोजून आणलं होतं तेवढंच. मी घरी येऊन बायकोला, कमलला, सांगितलं. ती म्हणाली, “तुमचा काटा बिघडला, अन् तुम्ही भूत पाहून राहिले.” मलाही तेच वाटत होतं. नागपूरहून मेकॅनिक बोलावला. त्यानं प्रमाणित वजनं एकेक करून ठेवली, काटा किलोकिलोनं बरोबर चालला. “अगदी फर्स्ट क्लास आहे,” असं म्हणून तो चहा पिऊन गेला.

पुढं पुष्पाबाईंचं घर निघालं. नवरा, सासू, शिलाई मशीन, आटाचक्की. नुसती चक्कीच चार माणसांनी चढवली, मी डोळ्यांनी पाहिलं, एकाचा पाय चेंदता चेंदता वाचला. बोर्डावर खाली वजन. पुष्पाबाई आमच्या कमलची मैत्रीण, पण कमलकडं पाहून त्यांनी हातसुद्धा हलवला नाही. मी दादारावांना म्हटलं, “मुनीमजी, हे काय होऊन राहिलं?” त्यांनी बोर्ड वाचला, चष्मा पुसला अन् म्हणाले, “काटा दुरुस्त करून घे.”

मग जेसीबी आला. केसरकाकूंचं घर दोन तासांत पडलं. विटामातीचं घर, वर कवेलूचं छप्पर, त्याचा मलबा किती असणार? एक ट्रक अन् तोही अर्धा. ट्रक काट्यावर चढला तेव्हा काटा करकरला. असा आवाज मी गाठींच्या ट्रकखालीही ऐकला नव्हता. लोधीखेड्याचा ड्रायव्हर उतरून टायर बघायला लागला, टायर बसले होते. “काय भरलं बे यात? लोखंड हाय का?” तो माझ्यावरच खेकसला. मी वर चढून पाहिलं. विटा, माती, मोरीची फरशी, भिंतीचा निळा चुना. बस एवढंच. तो मलबा नव्या शेडच्या पायात टाकला, वरून पाणी मारलं.

मला तेव्हा पहिल्यांदा भेव लागलं.

दादाराव माझ्याकडंही आले होते, दिवाळीआधीच. मला शुगर आहे, डॉक्टरनं गोड बंद केलं आहे, म्हणून मी डब्याला हात जोडले. ते म्हणाले, काही घाई नाही. मागून शेठनंही ऑफिसात बोलावून सांगितलं, “सुधाकर, तू घरचा माणूस. पांढुर्ण्याला आपली खरेदी सुरू होऊन राहिली, तिथं काट्यावर जा, खोली पाहून देतो.” मी म्हटलं, विचार करतो. विचार वगैरे काही करत नव्हतो. ते घर कमलनं बांधलं आहे. गवंड्याच्या हाताखाली तिनं स्वतः गारा कालवला, तेव्हा आमची पोरगी स्नेहा पोटात होती. शेडची गोष्ट निघाली तेव्हा कमल म्हणायची, शेठ सोन्याचं देईन तरी मी हलणार नाही. मी म्हणायचो, तू हलली नाहीस तं मीही हलत नाही. आमच्या दोघांत एवढं पक्कं होतं.

गल्ली रिकामी होत गेली. मलब्याचे ट्रक जात राहिले, एकेक असा जड की इंजिन कण्हायचं. टेम्पो जात राहिले, एकेक खाली. मी बोर्डाकडं पाहणं बंद केलं, पण ज्याचं कामच पाहायचं आहे, तो किती दिवस पाहणार नाही?

घरात मला काही दिसलं नाही, असं मी म्हणणार नाही. कमलनं रुईबद्दल कुरकुर करणं सोडलं होतं. भाजीवर रुईचा धागा दिसला तरी ती तशीच वाढायची. स्नेहा शाळेतून आली की दप्तर काढून भिंतीशी बसायची, सहा वर्षांची पोर, गलका नाही, हट्ट नाही. मी म्हटलं, गल्लीत पोरंच उरली नाहीत, करमत नसेल. मनाला काय, पाहिजे ते पटवता येतं.

रविवारी जिनिंग बंद असते. माझी राखणीची पाळी होती. दुपारी कमल स्नेहाला घेऊन माझा डबा द्यायला आली. ऊन चांगलं होतं, आवारात कापसाची गंजी पांढरीफटक दिसत होती. दोघी बोलत-बोलत सरळ काट्यावरून चालत आल्या.

बोर्डावर शून्य होतं.

मी केबिनच्या खिडकीतून ओरडलो, “थांब. तिथंच थांबा दोघी.”

“काऊन जी?”

“थांब म्हटलं न!”

त्या थांबल्या. मधोमध. स्नेहानं पायातली चप्पल काढली, परत घातली. बोर्ड शून्यच.

मी बाहेर आलो. काट्यावर चढलो. सत्तर.

मी कमलच्या शेजारी उभा राहिलो. स्नेहाला आमच्या मधे घेतलं. आम्ही तिघंही होतो.

सत्तर.

“कमल,” मी म्हटलं, “तू पेढा खाल्ला होता?”

“दादारावभाऊ आले होते न. तुम्ही हात जोडले अन् ड्यूटीवर गेले, ते तसेच बसून होते. माणूस दारात डबा उघडून बसला, त्याले नाही कसं म्हणायचं?”

“अन् स्नेहा?”

“मी दोन खाल्ले,” स्नेहा म्हणाली.

कमल माझ्याकडं पाहत होती. तिच्या डोळ्यांत माझ्यासाठी राग नव्हता, माया नव्हती, काहीच नव्हतं. दिवाळीआधीपासून ती तशीच माझ्या शेजारी झोपत होती, अन् मला कळलं नव्हतं.

“डबा थंडा होऊन राहिला,” ती म्हणाली.

मी जेवलो. ती समोर बसून होती. जेवता-जेवता मला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन, वरणात पाणी पडलं. तिनं दुसरी पोळी वाढली.

मी खूप विचार केला, असं लोकांना वाटेल. केला नाही. दोघी तिकडं अन् मी एकटा इकडं, हे मला जमणारं नव्हतं. घर घेऊन मी काय करणार होतो? सोमवारी सकाळी ऑफिसात गेलो.

“तुह्या शुगरचं काय?” दादाराव म्हणाले.

“द्या जी,” मी म्हटलं.

पेढा ताजा होता. वेलदोडा जरा जास्त. पाणी प्यालो. बाहेर सरकीचा ढीग होता, कावळे बसले होते. मी तिथं थोडा वेळ उभा राहिलो, काही होतं का ते पाहत. काही झालं नाही. सकाळपासून छातीत जे दाबून धरल्यासारखं होतं ते तेवढं गेलं. घरी गेलो तेव्हा कमल भांडी बांधत होती. मला पाहून म्हणाली, “आता बरं आहे न?”

“बरं आहे,” मी म्हटलं. अन् खरंच होतं.

सामान निघालं. कपाट, पलंग, दोन पेट्या, गॅस, कमलचं तुळशीचं कुंडं. मंगेशनं टेम्पो काट्यावर थांबवला. माझ्या जागी त्या दिवशी दादाराव बसले होते. त्यांनी बोर्डाकडं पाहिलं अन् हात हलवला.

“खाली आहे. जाऊ दे.”

घराकडं मी वळून पाहिलं नाही. पाहायचं नाही असं ठरवलं नव्हतं, सुचलंच नाही. जेसीबी तिथं उभाच होता. मोहगाव गेलं, संत्र्याचे बगीचे गेले. स्नेहा मागं गाद्यांवर झोपून गेली.

दुपारी पांढुर्ण्याला पोहोचलो. खोली ठीक आहे, हवा येते, नळाला एक दिवसाआड पाणी. मंगेश सामान उतरवायला लागला. मी स्नेहाला झोपेतच उचललं, हाताला वजन लागलंच नाही, आत नेलं, गादीवर ठेवलं, अंगावर चादर घातली. तिचा श्वास चालू होता. तरी मी परत टेम्पोकडं गेलो, अन् गाद्या उचलून-उचलून पाहिलं, पोरगी मागं तर नाही ना राहिली.