मामांच्या तोंडात थर्मामीटर

"पुन्हा डाग?" टिंगूने विचारलं आणि तो चादरींच्या ढिगावर तसाच आडवा झाला.

"पुन्हा," ताई म्हणाली. तिने चादर खिडकीच्या उजेडात धरली. पांढऱ्याशुभ्र कापडावर काळपट ठिपके उठले होते. कालच्या चादरींवरही होते, परवाच्याही. म्हणजे आता सगळं पुन्हा यंत्रात घालायचं, पुन्हा दोऱ्यांवर टाकायचं आणि पुन्हा घड्या घालायच्या.

मामांकडे सुट्टीला येताना या बहीणभावांनी केवढे बेत केले होते. मागच्या ओढ्याला बांध घालायचा, गच्चीवर तंबू ठोकायचा, मामेभावाला पत्त्यांत हरवायचं. पण मामांच्या लॉन्ड्रीतले दोन कामगार एकदमच काम सोडून गेले आणि सगळे बेत बासनात गुंडाळले गेले. ताईला आता स्वप्नातही चादरी दिसायच्या, आणि त्याही न संपणाऱ्या.

"हे आपोआप होत नाहीये," मामेभाऊ म्हणाला. त्याला सगळे वकील म्हणत, कारण तो झोपेतही वाद घालायचा. "धुताना चादरी स्वच्छ असतात. वाळत टाकताना मी स्वतः बघतो, तेव्हाही स्वच्छ. दुपारनंतर काढायला जावं तर डाग. म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी मुद्दाम करतंय."

"करू दे," टिंगू डोळे मिटून म्हणाला. "मी झोपतो."

"झोपतोस काय? आज संध्याकाळी हॉटेलची गाडी येणार आहे. आजही डागी चादरी गेल्या तर ते आपलं काम बंद करणार आहेत. बाबांनी रात्रभर डोळ्याला डोळा लावलेला नाही."

ते खरंच होतं. मामांचे डोळे लाल झाले होते, अंगात कणकण होती, आणि तरी ते या खोलीतून त्या खोलीत बोलत फिरत होते. मामांची बोलायची एक तऱ्हा होती. "जेवलीस का गं ताई? जेवली असशील. झोप झाली का? कुठली व्हायला." प्रश्नही त्यांचा, उत्तरही त्यांचंच. तसं ते अख्खं घरच बोलघेवडं. तिथे आपलं म्हणणं मांडायचं तर दुसऱ्याच्या वाक्यात मध्येच उडी मारावी लागे. गप्प बसलेला माणूस म्हणजे एकतर रुसलेला, नाहीतर काहीतरी करून बसलेला, असा तिथला सरळ हिशेब होता.

मुलांनी पाळत ठेवायचं ठरवलं. दुपारचं जेवण उरकताच तिघं कपडे वाळवायच्या लांबट खोलीत शिरली आणि शेवटच्या दोरीवरच्या चादरींमागे उकिडवी बसली. खोलीत दमट उकाडा होता. टिंगूला बसल्या जागी पेंग येत होती आणि ताई त्याला कोपराने ढोसत होती.

थोड्या वेळाने दार वाजलं. नव्या मावशी आत आल्या.

नव्या मावशी डोंगरापलीकडच्या दूरच्या मुलखातून आल्या होत्या आणि महिनाभरापूर्वीच कामाला लागल्या होत्या. इथली भाषा त्यांना चांगली येत होती, पण बोलत मात्र फारच कमी. त्या चादरींमधून सावकाश चालत भिंतीपाशी गेल्या. वर छताजवळच्या झरोक्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग एका चादरीवर बोट टेकवलं. बोट मागे घेतलं तेव्हा ते काळं झालं होतं.

"सापडली," वकील कुजबुजला. ताई त्याला आवरायच्या आत तो धूम पळाला होता.

मामांनी मावशींना सगळ्यांसमोर बोलावलं. यंत्रांच्या घरघरीत त्यांचा आवाज आणखीच चढला.

"बाई, हे डाग तुम्ही पाडता? मुलांनी डोळ्यांनी पाहिलंय. का करता असं? कुणी सांगितलंय का? इथे काही त्रास आहे का तुम्हाला? अहो, बोला की काहीतरी."

मावशी जमिनीकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांचे ओठ जरासे हलले, पण तेवढ्यात मामांनी दोन्ही हात वर केले. "बघा. तोंडातून शब्द नाही. म्हणजे कबूल. आजचं काम आटपा आणि उद्यापासून येऊ नका."

वकिलाची छाती फुगली होती. ताईला मात्र कसंसंच झालं. मावशींनी डाग पाडताना कुणी पाहिलं होतं? पाहिलं होतं ते फक्त बोट.

डागी चादरी पुन्हा धुवायला गेल्या. उरलेल्या कोरड्या चादरींच्या घड्या घालायला मामींनी ताईला नेमकं मावशींच्याच जोडीला दिलं. मोठ्या चादरीची घडी एकट्याने होत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायची, एकमेकींकडे चालत यायचं, टोकाला टोक जुळवायचं आणि पुन्हा मागे सरायचं. ताईला मावशींकडे बघवत नव्हतं. माफी मागावी असं वाटत होतं, पण ती इतकी थकली होती की शब्द जुळवायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. म्हणून ती गप्पच राहिली. एक चादर झाली, दुसरी झाली, आणखी कितीतरी झाल्या.

"मी नाही केलं," मावशी म्हणाल्या.

ताई दचकली. "काय?"

"तुझ्या मामांनी विचारलं होतं ना? त्याचं उत्तर."

"मग तेव्हाच का नाही बोललात? तुम्हाला भीती वाटली? की..." ताईने स्वतःची जीभ चावली. आपण हुबेहूब मामांसारखं बोलतोय हे तिच्या लक्षात आलं. तिने तोंड मिटलं आणि पुढची चादर उचलली. ती चादर संपली, त्यानंतरचीही संपत आली. विचारलेलं मावशी विसरल्या की काय असं ताईला वाटायला लागलं.

"आमच्याकडे मोठ्या माणसाने काही विचारलं की लगेच तोंड उघडत नाहीत," मावशी शेवटी म्हणाल्या. "लगेच उत्तर दिलं तर वाटतं, हिने नीट ऐकलंच नाही, आधीच ठरवून आली होती. म्हणून प्रश्न आधी मनात घ्यायचा, मग बोलायचं. पण इथे मी बोलणार, तोवर पुढचा प्रश्न आलेला असतो. मग त्याच्यासाठी थांबायचं. तोवर आणखी एक." त्या किंचित हसल्या. "दमायला होतं गं."

"आणि काळं बोट?" ताईने विचारलं. या वेळी तिने दोन्ही ओठ घट्ट दाबून धरले.

"डाग ओला की कोरडा, ते बघत होते. कोरडा होता. वरून पडलेला."

"मग तो पाडतं कोण?"

या उत्तराला सगळ्यांत जास्त वेळ लागला. "ते मला मामांनी विचारलं पाहिजे. ज्याचा प्रश्न, त्यालाच उत्तर. मोठ्या माणसाचं नाव मुलांच्या कानात घालणं बरं नाही."

ताई धावतच मामांकडे गेली. मामा कचेरीतल्या खुर्चीत डोकं धरून बसले होते आणि मामी हातात थर्मामीटर घेऊन उभ्या होत्या.

"मामा, मावशींनी नाही केलं ते. त्यांना पुन्हा विचारा, पण विचारल्यावर थांबा जरा."

"मघाशी तुम्हीच सांगितलंत की तिनेच केलं. आता म्हणताय नाही केलं. संध्याकाळी आणखी काय सांगाल? डोकं ठणकतंय माझं. आणि मी थांबत नाही? थांबतोच की मी."

"तुम्ही थर्मामीटरसाठीसुद्धा थांबत नाही," मामी म्हणाल्या. "सकाळपासून तीनदा लावला. तीनदा बोलायला काढलात."

ताईने मामींकडे पाहिलं. मग हातातल्या थर्मामीटरकडे पाहिलं. मग ती गपचूप बाहेर सटकली.

"काय?" वकील ओरडला. यंत्रामागे तिघांची बैठक भरली होती. "म्हणजे मी... म्हणजे माझ्यामुळे त्या..." पहिल्यांदाच त्याला पुढे बोलता येईना. त्याचा चेहरा पार उतरला. "मी जाऊन सांगतो बाबांना."

"ऐकणार नाहीत. त्यांना मावशींचंच ऐकायला लावायचं. आणि त्यासाठी त्यांचं तोंड बंद हवं."

"पट्टी चिकटवू?" टिंगू म्हणाला. त्याची झोप एकदम उडाली होती.

"त्यापेक्षा चांगलं आहे. मामीकडे."

मामींना सगळं समजावायला फार बोलावं लागलं नाही. इतक्या वर्षांत मामांच्या वाक्यांत उड्या मारून त्याही दमल्या होत्या. त्यांनी थर्मामीटर झटकला आणि पदराआड धरला. ताईने मावशींना कचेरीत आणलं. टिंगू दारात उभा राहिला.

"आता काय?" मामा म्हणाले. "बाई, मी एकदा सांगितलंय..."

"बाबा, एकच विचारा," वकील म्हणाला. "डाग कसे पडतात, एवढंच. मग पुन्हा तुम्हाला त्रास देणार नाही."

"विचारतो बाबा, विचारतो. काय हो बाई, हे डाग कसे पडतात? नाही म्हणजे..."

मामींनी थर्मामीटर त्यांच्या जिभेखाली सरकवला. "मिटा तोंड. काच आहे, दाताखाली फुटेल. मी सांगेपर्यंत उघडायचं नाही."

मामांनी डोळे वटारले. हात हलवले. भुवया वर नेल्या, खाली आणल्या. मावशी जमिनीकडे बघत होत्या. पलीकडे यंत्र घरघरत होतं. वकिलाने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं आणि त्याचे कान लाल होत चालले होते. एवढ्या शांततेत त्या कचेरीत इतकी माणसं कधी उभीच राहिली नसतील. ताईच्या मनात आलं, मावशी बोलल्याच नाहीत तर?

"दुपारी बॉयलरच्या खोलीचा झरोका उघडा राहतो," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी स्वच्छ होता. "तो झरोका आमच्या दोऱ्यांच्या डोक्यावर येतो. तो उघडा असताना भट्टीतली राख उपसली की काजळी उडते आणि चादरींवर बसते. डाग दिसले त्या पहिल्या दिवशीच मी सांगणार होते. तुम्ही विचारलंत, पण मग तुम्हीच उत्तर दिलंत."

"उं! उं!" मामा खुर्चीतून अर्धे उठले.

"अजून नाही," मामींनी त्यांना खांदा दाबून बसवलं. "टिंगू, बॉयलरवाल्या काकांना बोलाव."

काका आले ते काजळलेल्या हातांनीच. झरोक्याचं ऐकताच त्यांनी मान खाली घातली. मामांना तर किती बोलायचं होतं! पण थर्मामीटर तोंडातच होता, आणि म्हणून काकांनाही पूर्ण बोलायला मिळालं.

"चूक माझीच आहे, मालक. उपसताना झरोका लावायचा, हे मला माहीत आहे. पण दोन माणसं गेल्यापासून दोन्ही पाळ्या मीच करतोय. आत जीव गुदमरतो. दुपारी झरोका उघडतो आणि भिंतीला टेकतो, तर डोळाच लागतो. जाग आली की घाईघाईत राख काढतो, झरोका मागाहून लावतो. बाईंवर आळ आलाय, हे मला ठाऊक नव्हतं. आलो असतो मी."

मामींनी थर्मामीटर काढून उजेडात धरला. चांगलाच ताप होता. मामांचं तोंड आता मोकळं होतं, तरी ते काही बोलले नाहीत. ते मावशींकडे बघत राहिले आणि मग काकांकडे.

"तुम्ही आधी जाऊन झोपा," ते काकांना म्हणाले. "भट्टी मी बघतो."

"तुम्ही नाही," मामी म्हणाल्या. "तापात? मी बघते."

झरोका बंद करून वर फळी ठोकली. वकिलाने शिडीवर चढून झरोक्याची चौकट पुसली तर फडकं कोळशासारखं झालं. धुतलेल्या चादरी पुन्हा दोऱ्यांवर चढल्या, आणि संध्याकाळी उतरवल्या तेव्हा एकीवरही ठिपका नव्हता. हॉटेलची गाडी भरून गेली. वकील मावशींसमोर जाऊन उभा राहिला, "चुकलं माझं," एवढंच म्हणाला, आणि मग खरोखर गप्प उभा राहिला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"शाब्बास रे पोरांनो," मामा अंगावर शाल ओढत म्हणाले. "मला गप्प बसवलंत. हे माझ्या वडिलांनाही जमलं नव्हतं."

मग ते मावशींकडे वळले. "बाई, मी फार वाईट वागलो. तुम्ही इथेच राहाल का?"

त्यांचं तोंड पुढच्या प्रश्नासाठी उघडलं. मग त्यांनी ते आपणहून मिटलं.

मावशी जमिनीकडे बघत राहिल्या. मामी थांबल्या, वकील थांबला. टिंगू केव्हाच भिंतीला टेकून झोपला होता. ताईला उभं राहवत नव्हतं, पण बसावंसंही वाटत नव्हतं. मामांच्या कपाळावर घाम आला होता आणि ते उत्तराची वाट बघत होते, अगदी शाळेतल्या मुलासारखी.

"राहीन," मावशी म्हणाल्या. मामांनी श्वास सोडला, पण मावशींचं बोलणं अजून संपलं नव्हतं. मामा पुन्हा थांबले.

"माझी बहीण आणि तिचा नवरा काम शोधतायत. त्यांना बोलावून घेते. काकांना एक पाळी पुरे." मग त्यांनी झोपलेल्या टिंगूकडे पाहिलं. "आणि या पोरांना उद्यापासून चादरींना हात लावू देऊ नका. सुट्टीला आलीत ती."