सातव्या मिनिटाचा प्रश्न

सात रस्त्याच्या त्या झेरॉक्सच्या दुकानात मी त्याला पहिल्यांदा भेटले, तेव्हा मी त्यालाच नावं ठेवत होते. तो तोच आहे हे मला ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक होतं, आणि तो मजेत ऐकत बसला होता.

मार्चमधला शनिवार, सकाळची शाळा सुटलेली, आणि बाहेर सोलापूरचं ऊन – ते काय सांगायचं. दुकानात एक पंखा, दोन संगणक, आणि दोन्हींवर आमचं पोर्टल गोल गोल फिरत होतं. जिल्ह्यातल्या गणिताच्या शिक्षकांसाठी यंदा ऑनलाइन प्रशिक्षण निघालं होतं. प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या पाठाचा व्हिडिओ टाकायचा, इतरांनी तो बघून तीनपैकी तारे द्यायचे, अभिप्राय लिहायचा. दोघांची मंजुरी मिळाली की तो पाठ जिल्ह्याच्या संग्रहात जाणार. पोर्टलवर नावं नव्हती, नुसते क्रमांक.

माझा पाठ संग्रहात जायलाच हवा होता. मी कुंभारीला शिकवते. विडी कामगारांच्या वसाहतीतली मुलं; घरी तेलुगू, शाळेत मराठी, आणि गणित बिचारं मधे लोंबकळत. मी अपूर्णांकांचा भागाकार दोन्ही भाषांत शिकवला होता, 'अर्धा'च्या जोडीला त्यांचं 'सगं' म्हणत. अशा वर्गांसाठी संग्रहात एकही पाठ नव्हता. मला एक मंजुरी मिळाली होती. दुसरी क्रमांक एकेचाळीसने अडवून धरली होती.

"हे वाचा," मी शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला म्हणाले. कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझं डोकं शांत होणार नव्हतं. "'सातव्या मिनिटाला मागच्या बाकावरची मुलगी काहीतरी विचारते. तिचं उत्तर राहिलं. सुधारणा आवश्यक.' काम ना धंदा या माणसाला. सगळे न बघता तीन तारे देतात, आणि हा मिनिटं मोजत बसलाय."

"सगळे न बघता देत्यात?" त्याने विचारलं.

"मीपण देते. वेळ कुणाला आहे?"

तो शर्टाच्या बाहीने कपाळ पुसून म्हणाला, "एकेचाळीस क्रमांक माझाच हाय, मॅडम. इंद्रजीत. करमाळ्याला असतो. तुमी मला तीन तारे दिलेत. 'अप्रतिम सर' असं लिवलंय. व्हिडिओ बघितला असता तर आत्ता मला वळखलं असतं की."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण फरशी काही फाटली नाही, आणि पोर्टलही उघडलं नाही. तो आईचे डोळे तपासायला सोलापूरला आला होता, आई दवाखान्यात रांगेत होती. जाता जाता त्याने आणखी एक सांगितलं. आपल्या पाठात नवव्या मिनिटाला त्याने फळ्यावर मुद्दाम चुकीचं उत्तर लिहिलं होतं. वर्गातल्या मुलांनी ते लगेच धरलं, टाळ्या पिटल्या. तारे देणाऱ्या चौदा शिक्षकांपैकी एकानेही त्याचा उल्लेख केला नव्हता.

"मग आता माझी मंजुरी?" मी तरीही विचारलंच.

"त्या पोरीला उत्तर द्या, मग देतो," तो म्हणाला आणि हसला. गालाला खळी पडते म्हणून माणसाने इतकं शहाणं वागावं?

घरी येऊन मी त्याचा व्हिडिओ बघितला. चूक होती, टाळ्या होत्या, खळी होती. मग मी तणतणत प्रशिक्षणाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिहिलं: 'न बघता तारे देणं बंद करा. शेवटच्या सेकंदापर्यंत बघा, नाहीतर अभिप्राय देऊ नका. मीही हेच करत होते, आता करणार नाही.' गटात त्रेचाळीस जण. दोन दिवस सुप्रभातची फुलंसुद्धा आली नाहीत. फक्त अक्कलकोटकडचे चनमल्लप्पा सर, निवृत्तीला आलेले, तेवढं म्हणाले, "बरोबर हाय. बघतो."

त्यानंतर मी स्वतःचा व्हिडिओ लावला. सातव्या मिनिटाला भाग्यलक्ष्मी विचारत होती, "टीचर, भाग दिला तर कमी व्हायला पाहिजे ना? तीनचे सहा कसे झाले?" आणि मी मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे बघत म्हणत होते, "नियम आहे. उलटा करायचा आणि गुणायचं. लिहून घे." त्या मुलीचा आवाज मी त्या दिवशी ऐकलाच नव्हता. आता ऐकला, आणि मला माझीच लाज वाटली. त्या माणसाचा राग मात्र दुप्पट झाला, कारण त्याचं बरोबर होतं.

सोमवारी मी तीन कडक भाकरी घेऊन वर्गात गेले. भाग्यलक्ष्मीला पुढे बोलावलं आणि म्हटलं, कर सगं. तिने कटाकट मोडल्या, तुकडे मोजले आणि माझ्याकडे बघत राहिली. "भाकरी तेवढीच आहे, टीचर," ती म्हणाली. "तुकडे जास्त झाले." मला आणखी काही शिकवावं लागलं नाही. वर्गाने नंतर भाकरी खाऊन टाकली.

हे सांगायला मी इंद्रजीतला फोन केला. गटावर नंबर होताच. खरं तर 'झालं का समाधान' एवढंच म्हणून ठेवणार होते. पण त्याने भाग्यलक्ष्मी काय म्हणाली ते दोनदा सांगायला लावलं, मग म्हणाला की हे त्याला स्वतःला कधी इतक्या सोप्यात सांगता आलं नव्हतं. आता अशा माणसावर किती वेळ चिडून राहणार?

तरी मी प्रयत्न केला. तो जवळजवळ रोज संध्याकाळी फोन करायचा आणि रोज त्याचं एक 'का' असायचं. मी ऋण गुणिले ऋण कसं शिकवते, तसंच का. मी फळ्याच्या डाव्या कडेनेच का सुरुवात करते. आज आवाज असा का. एकदा मी वैतागून विचारलं, मला मुद्दाम छेडता का?

"थोडं…" तो म्हणाला. "चिडल्यावर तुमी लई चांगलं समजावता."

मुलांच्या वहीत 'लिवलं' दिसलं की लाल पेन उचलणारी मी, त्याच्या तोंडून तेच ऐकायला संध्याकाळची वाट बघायला लागले. आई म्हणाली, "गणिताच्या प्रशिक्षणात एवढं हसायला काय असतं?" मी तिच्यावरही चिडले.

भाकरीच्या पाठाचा नवा व्हिडिओ टाकला, आणि त्याने मंजुरी दिली. तारे मात्र दोनच.

"तिसरा कुठे गेला?" मी फोन करून विचारलं.

"कॅमेरा फळ्यावर होता. पोरीला उमगलं तवा तिचा चेहरा दिसला न्हाय. खरं काय ते तितंच होतं की."

बरोबरच होतं. मी फोन आपटून ठेवला, म्हणजे सोफ्यावर, हळूच.

पाठ संग्रहात गेला. ज्यासाठी एवढा जीव टांगला होता ते मिळालं, आणि मला रडूच यायला लागलं. कारण मार्चअखेर प्रशिक्षण संपणार होतं, पोर्टल आणि गट दोन्ही बंद. करमाळ्याच्या एका सरांनी कुंभारीच्या एका मॅडमना फोन करावा असं काहीच उरलं नव्हतं. त्याने करणं कमीही केलं. मीही केला नाही. काय म्हणून करायचा? मला तो आवडायला लागला होता, हे स्पष्ट सांगते. अतिशय. आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण विचारणाऱ्या त्या शहाण्याला हे एवढं दिसत नव्हतं.

तीस मार्चला त्याचा शेवटचा पाठ आला. समीकरण सोडवल्यावर ताळा कसा करायचा, बावीस मिनिटं. मी एक सेकंदही सोडला नाही. एकविसाव्या मिनिटाला घंटा झाली, मुलं पळाली. तो कॅमेरा बंद करायला आला आणि तिथेच थांबला. हाताला खडू, शर्टाला खडू.

"कुंभारीच्या मॅडम… हितपर्यंत तुमीच पोचणार, म्हणून बोलतो. आता फोन करायला कारण उरलं न्हाय. कारण नसताना केला तर… चालंल का? रविवारी सोलापूरला येतोय. त्याच दुकानात, दुपारी."

आणि व्हिडिओ संपला. मी तो तीनदा बघितला. चौथ्यांदा लावणार तेवढ्यात गटावर चनमल्लप्पा सरांचा निरोप आला.

"आमीबी शेवटपर्यंत बघितलं हाय, मॅडम. तुमीच सांगितलं होतं की."

त्यानंतर फुलांचा पाऊस. बार्शीच्या बाईंनी दोन बदाम पाठवले, माढ्याच्या सरांनी 'अप्रतिम' लिहिलं, आणि ते यावेळी बघून लिहिलेलं होतं. दोन आठवड्यांपूर्वी ज्यांना गटावर ठणकावून सांगितलं, त्यांनी नेमकं आजच ऐकलं होतं.

इंद्रजीतचा फोन आला. "मला वाटलं… लोक नुसतं म्हणत्यात, बघत न्हायत…"

"तुम्ही बोलूच नका," मी म्हणाले आणि पोर्टल उघडलं. ते कधी नव्हे ते पटकन उघडलं. तारे दिले नाहीत. 'सुधारणा आवश्यक' दाबलं आणि खाली लिहिलं: 'एकविसाव्या मिनिटातला प्रश्न अर्धवट आहे. समोर येऊन पूर्ण विचारावा.' त्रेचाळीस जण वाचणार होते. वाचू देत.

रविवारी मी मोरपंखी साडी नेसून सात रस्त्याला गेले, तर दुकान बंद. रविवारी ते दुकान बंद असतं हे दोन गणित शिक्षकांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. शटरसमोरच्या पायरीवर तो उन्हात उभा, घामाने निथळलेला. समोर सगळ्या रस्त्यांच्या रिक्षा एकाच वेळी हॉर्न वाजवत होत्या.

"विचारा," मी म्हणाले.

"काय?"

"जे अर्धवट राहिलं ते."

त्याने रिक्षांकडे बघितलं, शटरकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुमी मला आवडता," तो म्हणाला. "लई. लग्न कराल का माझ्याशी?"

दोन आठवडे मी या माणसाचे 'का' झेलले होते. ही संधी मी सोडणार नव्हते. "आवडते, पण का?"

एक रिक्षा गेली, दुसरी गेली. "एसटीत तीन तास तेच शोधत आलो," तो शेवटी म्हणाला. "न्हाय सापडलं. नियम हाय म्हणून लिवून घ्या."

त्याच्या कपाळावरून घाम खळीपर्यंत आला होता, आणि मला तो त्या क्षणी इतका आवडला की त्याचाही राग आला. मी पर्समधून फोन काढला, पोर्टल उघडायला गेले. ते गोल गोल फिरायला लागलं. मी फोन परत आत टाकला.

"तीन तारे," मी तोंडानेच सांगितलं. "मंजूर."

"का?" तो म्हणाला. सवयीने गेलं असावं तोंडातून, कारण लगेच त्याने जीभ चावली.

मी उत्तर शोधलं. खरंच शोधलं. मलाही सापडलं नाही, म्हणून मी त्याचा हात धरला आणि त्याला सावलीत ओढून नेलं.