फुगलेल्या बाटल्या

सरबताच्या कारखान्याचं फाटक मालकांनी आतून बंद केलं होतं. मिश्रण करणारी बाई वजनखोलीत कोंडलेली. त्या खोलीला खिडकी नव्हती. चार वाजता पोलीस येणार होते.

"चार दिवसांपूर्वीचा माल फुगला," मालक म्हणाले. "बाटली फुटून एकीचा डोळा जाता जाता राहिला. हिनं टिकवायची पावडर घातलीच नाही. लांबवली असणार."

"मग शोधायचं काय उरलं?" चौकशीला आलेल्या तपासनीस बाईंच्या सोबतचे निवृत्त मास्तर म्हणाले.

"तुम्ही खुर्ची शोधा, मास्तर," म्हणत तपासनीस बाई कुलूप उघडवून वजनखोलीत शिरल्या.

"नेहमीसारखंच केलं, ताई," ती पोत्यावर बसून म्हणाली. "पाणी, साखर, मग पावडर, शेवटी आंबट, म्हणजे लिंबूसत्त्व. त्या दिवशी आंबट सुपरवायझर घालणार होते, म्हणजे माझे धाकटे दीर. मी पावडर ओतायला वाकले तर टाकीतलं पाणी चिरलेल्या बोटावर उडालं. असं झोंबलं की पिशवीच सुटली असती. तरी सगळी ओतली."

कोठारवाला म्हणाला, "पावडर मोजून दिली. रिकामी पिशवी परत आली. आंबट सुपरवायझरांनी त्याआधीच नेलं होतं."

"गाळणी कोण धुतं?" बाईंनी त्याला विचारलं.

"मीच. त्या दिवशी पिठासारखा पांढरा गाळ होता. साखर समजून पाण्याखाली धरला, विरघळेना. खरडून फेकला."

सुपरवायझर घाम पुसत म्हणाला, "मशीन रिकामं उभं, मालक ओरडतायत. पण वहिनी टाकीपासून हलल्यावरच मी आंबट घातलं."

तपासनीस बाईंनी दोन ग्लास मागवले. एकात साधं पाणी, दुसऱ्यात आंबट घातलेलं. दोन्हींत पावडर टाकून ढवळली. पहिलं पाणी स्वच्छ राहिलं. दुसरं दुधासारखं होऊन तळाशी गाळ बसला.

"ही पावडर चवीसाठी नसते," त्या म्हणाल्या. "रस आंबून बाटली फुगू नये म्हणून असते. आधी ती पाण्यात विरघळली पाहिजे. आंबटात पडली की गाळ होते आणि गाळणीत अडकते. सरबतात उरतच नाही. चोरलेली पावडर गाळणीत कशी येईल?"

"पण आंबट आधी पडलं कशावरून?" मास्तरांनी विचारलं.

"साखरेचं पाणी चिरलेल्या बोटाला झोंबतं का, मास्तर?"

सगळे सुपरवायझरकडे वळले.

"दोन्ही घालायचंच होतं," तो पुटपुटला. "मागंपुढं झालं तर काय, असं वाटलं."

"आणि बाटल्या फुटल्यावर गप्प का राहिलात?"

"वहिनी बाईमाणूस आहे. दोन प्रश्न विचारून सोडतील, म्हटलं."

मालकांनी वजनखोलीचं कुलूप पुन्हा काढलं. ती उंबऱ्यातच थांबली.

"चला वहिनी, फाटकही उघडतायत," दीर खाली बघत म्हणाला.

"ते उघडतील, भावोजी. पण संध्याकाळी आपण दोघं घरी त्याच दोन खोल्यांत जाणार. तुमच्या भावाला मी काय सांगू?"

ती मागे वळली आणि पुन्हा पोत्यावर जाऊन बसली.