भरलेली जागा

कारखान्याच्या फाटकाबाहेर ती पावसात उभी होती. कडी आतून होती आणि आडोशाला एक पत्राही नव्हता. वर्तमानपत्रातलं कात्रण भिजू नये म्हणून तिने ते कोटाच्या आत धरलं होतं... स्वतः मात्र निथळत होती.

आतून एक तरुण धावत आला. कपाळावर चढवलेला काळा चष्मा, बाहीला जळल्याचं भोक.

"आपलं काम काय आहे?"

"जाहिरात वाचून आलेय. काचेचा कारागीर हवाय ना?"

तो तिच्याकडे पाहत राहिला — जरा जास्तच वेळ. मग त्याने कडी काढली.

"आत यावं. आपण भिजत आहात."

इतकं शुद्ध बोलणारा माणूस तिने फक्त रेडिओवर ऐकला होता. तिला हसू आलं. तो का थबकला होता, हे तिला त्या वेळी कळलं नाही.

तो परदेशातून आलेला होता. कारखान्यात सगळे त्याला 'पाहुणा' म्हणत. असा पाहुणा कामावर ठेवायचा तर मालकाला सरकारची परवानगी लागते, आणि ती एका माणसाला, एका मालकाकडे, एकाच कामासाठी मिळते. तिची मुदत संपत आली की मालकाने त्या जागेची जाहिरात द्यायची, देशातलं कुणी ते काम करायला तयार आहे का ते पाहायचं. कुणी लायक मिळालं तर जागा त्याची. कुणीच नाही मिळालं तर पाहुण्याची परवानगी पुढे वाढते. नियम साधा आहे आणि त्यात कुणाचं वाईट चिंतलेलं नाही. फक्त त्या दिवशी फाटक उघडणाऱ्याने स्वतःच्याच जागेवर आलेल्या माणसाला आत घेतलं होतं.

मालकीणबाईंनी तिची चौकशी केली. तिचे बाबा याच धंद्यातले. त्यांचा कारखाना बंद पडला आणि पाठोपाठ त्यांना छातीचं दुखणंही जडलं. आता ते खिडकीशी बसून असत आणि धाकटी बहीण शाळेत जात होती. घर चालवायला तीच उरली होती. बाईंनी तिला आठवडाभर भट्टीवर काम करून पाहायला सांगितलं. शेवटी एक नळी जोडून दाखवायची; सकाळपर्यंत ती तडकली नाही तर नोकरी पक्की. शिकवायला कोण? पाहुणाच. दुसरं कुणी नव्हतंच.

प्रयोगशाळांना लागणारे चंबू आणि नळ्या तिथे घडत. ज्योतीत नळी फिरवत राहायची; एक हात थांबला की काच खाली लोंबते. तिच्या बोटांना बाबांची सवय होती, पण घाई फार.

"आपण काचेला रागावता," तो म्हणाला.

"मी? आणि तुम्ही तिलाही 'आपण, आपण' म्हणत बसता. काल मांजरालासुद्धा म्हणालात, आपण बाजूला व्हावं."

"ते झालं ना बाजूला?"

ती हसली आणि नळी वाकडी झाली. त्याने ती सरळ करून दिली. त्याची बोटं तिच्या बोटांजवळून गेली... ज्योतीची ऊब होती म्हणा, पण त्या दिवशी घरी पोचेपर्यंत ती ऊब हातावर होती.

त्याने तिला काचेचा ताण दाखवला. जोडलेली नळी वरून अगदी छान दिसते. पण दोन काळपट काचांच्या चौकटीत धरली की जोडाशी रंगीत पट्टे उमटतात. तो ताण. घाईने गार केलेली काच तो पोटात धरून ठेवते आणि सगळे झोपल्यावर आपोआप तडकते. पुन्हा भट्टीत ठेवून सावकाश निववली, की पट्टे नाहीसे होतात.

"माणसांसाठी नाही का अशी चौकट?" तिने विचारलं.

"असती तर मी आपल्यासमोर उभा राहिलो नसतो," तो म्हणाला, आणि चष्मा डोळ्यांवर ओढून घेतला.

चाचणीच्या आदल्या दिवशी कारखान्याचे कारकूनकाका सहज बोलून गेले, की पाहुणा आता सामान बांधायला लागेल. तिने काय ते खोदून विचारलं. मग ती तशीच भट्टीकडे आली.

"पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर आपण परत गेला असतात. पाऊस होता."

"आणि तिकडे गेल्यावर?"

तिकडे आईशिवाय काहीच नव्हतं. त्याच्या गावची काचेची भट्टी कधीच विझली होती. हे त्याने हवामान सांगावं तसं सांगितलं.

चाचणीच्या दिवशी तिने नळी सुरेख जोडली. बाबांनी पाहिली असती तर मान डोलावली असती. मग कुणी पाहत नाही असं बघून तिने ती भट्टीत ठेवून निववलीच नाही. उघड्या खिडकीशी वाऱ्यावर धरली आणि मांडणीवर ठेवून दिली. घरी जाताना तिने बाबांना काय सांगायचं ते मनात जुळवलं. धाकटीच्या डोळ्यांत कसं बघायचं, ते काही जुळेना.

सकाळी नळी अखंड होती.

मालकीणबाईंनी ती चौकटीत धरली. एकही पट्टा नाही. "माझ्या हातात असतं तर दोघांना ठेवलं असतं," त्या जड आवाजात म्हणाल्या, "पण जागा एकच आहे." आणि तिला नेमणूक दिली.

ती अंगणात त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"रात्रभर भट्टीत तुम्ही ठेवलीत ना ती?"

"जाताना मी सगळ्या नळ्या चौकटीत पाहतो. आपल्या नळीत फार ताण होता."

"तो मी मुद्दाम ठेवला होता!"

"माहीत आहे." तो खाली पाहत राहिला. "पण तडकणारी काच मला तशी सोडून जाता येत नाही... आणि आपल्या घरी बाबा आहेत."

ती तिथेच रडली, सगळ्यांदेखत.

तो निघाला त्या दिवशीही आभाळ भरून आलं होतं. ती कामाच्या कपड्यांतच फाटकापर्यंत आली, बाहीला जळल्याचं नवं भोक घेऊन.

"मी सरकारी कचेरीत विचारून आले," ती म्हणाली. "नोकरी कायम असलेल्या माणसाला आपला जोडीदार परदेशातून बोलावता येतो. कायम व्हायला वर्ष जाईल. मग तिकडे येऊन लग्न करावं लागेल, मग अर्ज. ते म्हणाले, तुमचं लग्न खोटं ठरवायला आम्ही शंभर प्रश्न विचारू. नाकारूही."

पिशवीचा पट्टा त्याने या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

"आणि या जागेची... आधी जाहिरात द्यावी लागेल का?"

"नाही," ती म्हणाली. "ही जागा भरली आहे."

त्याने स्वतःच कडी काढली आणि बाहेर पडला. ती वळणापर्यंत पाहत राहिली. मग तिने आतून कडी लावली आणि भट्टीशी परतली. तिथे सकाळची नळी निवत होती. तिला घाई करून चालणार नव्हतं.