खोली नंबर बाराची पंचवीस मिनिटं

राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा नम्रता तांबे जिन्याच्या चौथ्या पायरीवर होती. ती जागच्या जागी थांबली. मागून उतरणारे सगळेच थांबले. भिंतीपलीकडच्या शाळेत दुपारची पाळी भरत होती आणि पोरं बेंबीच्या देठापासून गात होती. थांबल्या नाहीत त्या फक्त कोणाच्या तरी सँडल. त्या टकटक करत शेजारून खाली निघून गेल्या.

राष्ट्रगीत संपलं. नम्रता मात्र हलली नाही.

"ताई, चल ना, भूक लागली," अनुजा म्हणाली.

"ही शाळा किती वाजता भरते गं?"

"दीडला. माझा भाऊ आहे ना तिथे."

"मग आत्ता फक्त दीड वाजलाय?"

अनुजा अकरावीत शिकत होती आणि नम्रताची लेखनिक होती. नम्रताला जन्मापासून दिसत नाही. पेपरात ती सांगते आणि अनुजा लिहिते. अडीच तासांच्या पेपरला तासामागे वीस मिनिटं जादा, म्हणजे पन्नास मिनिटं. साडेदहाला सुरू झालेला पेपर एक पन्नासला संपायला हवा. तो संपवून, पेपर देऊन, ही मंडळी दीड वाजता जिन्यात कशी?

"पण मी स्वतः घड्याळ बघितलं," अनुजा म्हणाली. "मॅडम म्हणाल्या, 'बघा बाळांनो, एक पन्नास झाले, द्या पेपर.' मी मागे वळून बघितलं. बरोबर एक पन्नास."

"त्याच्याआधी कधी बघितलंस?"

"आत शिरताना. तेव्हा सव्वादहा झाले होते. मधे कशी बघणार? घड्याळ मागच्या भिंतीवर आणि परीक्षेत मागे वळायचं नाही."

खाली शिपाई गंगाधरकडून नम्रताने पिशवी घेतली आणि फोन कानाला लावला. फोन बोलला, एक वाजून चौतीस मिनिटं.

पाचवा प्रश्न अर्धा राहिला होता. गेल्या दोन सेमिस्टरलाही शेवटचा प्रश्न असाच राहिला होता आणि दोन्ही वेळा फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला होता. घरी घड्याळ लावून तेवढेच पेपर ती वेळेत सोडवायची, मग इथे काय होतं? आपणच कमी पडतो म्हणून ती वर्षभर स्वतःला कोसत होती. आता तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

डिलाईल रोडच्या चाळीत त्या संध्याकाळी बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि कागद पुढे ओढला. "आधी अर्ज. तोंडी बोललेलं कोणी ऐकत नाही."

अर्ज दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. तासाभरात बोलावणं आलं. प्राचार्य सामंत शांतपणे म्हणाले, "अहवालात एक पन्नास लिहिलंय. सुपरवायझर म्हणून प्रिती मॅडम तुमच्यासाठी किती करतात! खोटी तक्रार निघाली तर दिव्यांगांच्या बारा नंबर खोलीची सगळी व्यवस्थाच तपासावी लागेल. लेखनिक, जादा वेळ, सगळंच. परवा पुढचा पेपर आहे. विचार कर."

"केलाय सर. उद्या दुपारी सगळ्यांना बोलवा."

आंधळ्या माणसांना म्हणे सहावं इंद्रिय असतं. नम्रताला मोजून चार होती आणि तेवढी तिला पुरत होती. बाहेर येऊन तिने पेपराची दुपार पुन्हा मनात लावली. एकची घंटा पडत होती. नेहमीप्रमाणे लांबलचक, दहा टोल. त्या टोलांमध्येच मागे स्टूल ओढल्याचा आवाज आला होता, पंखाही क्षणभर बंद झाला होता. पंखा कुरकुरायचा, गंगाधर तो दुरुस्त करणार होता. म्हणून कोणाचं लक्ष गेलं नाही.

गंगाधर. चिडका म्हातारा. "तुमच्यापायी माझं जेवण अडीचला," हे त्याचं रोजचं पालुपद. संशय घ्यायला याच्याइतका सोयीचा माणूस कॉलेजात दुसरा नव्हता.

"काका, काल एकला तुम्ही पंखा बघायला वर आला होतात?"

"मी? माका दोन जिने चढवतत नाय आता. पंखो तसोच आसा."

"एकची घंटा कोणी दिली?"

"मीच. तीस वर्षं झाली, घंटेक दुसऱ्याचो हात लावूक दिलेलो नाय."

"आणि आम्ही दीडला खाली आलो, तुम्हाला नवल नाही वाटलं?"

"वाटला, लवकर सुटलात. जेवण वेळेत मिळाला, गप बसलंय. मॅडम तर तुमच्या आधी गेली. दोनला दादरला क्लास असता ना तिचो. टॅक्सी मीच थांबवतंय रोज."

नम्रता तिथून शाळेच्या फाटकावर गेली. तिथल्या सेविका मीराबाई म्हणाल्या, "राष्ट्रगीत? दीडच्या घंटेला. घंटा आपोआप वाजते बाय, कोणाच्या हातात नाही. काल पण वेळेवरच."

मग नम्रताने एक फोन केला आणि घरी जाऊन जेवली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत सगळे जमले. प्रिती मॅडमनी चिक्की आणली होती. "नम्रता बाळा, पेपर अवघड गेला की वेळ कमी वाटतो. होतं असं."

"मी एकवीस वर्षांची आहे मॅडम. बाळा नको," नम्रता म्हणाली. "सर, बोलू?"

"बोल."

"परवा आमच्या खोलीत पंचवीस मिनिटांची चोरी झाली. अनुजाने एक पन्नास बघितलं, ते खरं. पाच मिनिटांनी आम्ही जिन्यात राष्ट्रगीताला उभे होतो आणि ते दीडला असतं, हेही खरं. शाळेची घंटा माणूस वाजवत नाही. म्हणजे खोटं घड्याळच बोलत होतं. पेपर सुरू होताना ते बरोबर होतं. मग मधे कोणीतरी काटे पुढे केले."

"गंगाधरने?" प्राचार्यांनी विचारलं.

"मलाही तसंच वाटलं होतं. स्टूल ओढलं गेलं ते एकची घंटा वाजत असताना. दहा टोल संपेपर्यंत काका खाली दोरीपाशी होते. माणूस एका वेळी दोन ठिकाणी नसतो. आम्ही चौघं आणि आमचे लेखनिक बाकावर बसलो होतो, पाठ घड्याळाकडे. हिंडायची मोकळीक खोलीत एकालाच होती."

चिक्कीचा डबा टेबलावर आदळला. "सर, हे काय चाललंय? मी फक्त पंखा बंद करत होते!"

"पंख्याचं बटण दाराजवळ आहे मॅडम. त्याला स्टूल लागत नाही."

नम्रता पुढे बोलत राहिली.

"आम्ही बाहेर पडल्यावर काटे पुन्हा जागेवर गेले. मग सँडल घाईने खाली आल्या. राष्ट्रगीतालाही थांबल्या नाहीत. कशाला एवढी घाई? मी काल दादरच्या क्लासला फोन केला. म्हटलं, दोनच्या बॅचला यायचंय, मॅडम वेळेवर येतात का? तिथल्या बाई म्हणाल्या, अगदी ठोक्याला, परवासुद्धा दोनला शिकवायला उभ्या होत्या. अहवालाप्रमाणे एक पन्नासला पेपर गोळा करायचे, मोजायचे, सील करायचे, जमा करायचे आणि परळहून दादर गाठायचं. दहा मिनिटांत? सर, तुम्हीच सांगा."

सामंतांनी मॅडमकडे बघितलं.

"वीस-पंचवीस मिनिटांनी असं काय होणार होतं?" मॅडमचा आवाज चिरकला. "बारा नंबरची ड्यूटी कोणी घेत नाही. मी घेत होते ना! प्रेमाने करत होते सगळं!"

तेव्हा बारा नंबरमध्येच पेपर देणारा अमित बोलला. त्याच्या हातांना कंप आहे, जीभही जड चालते, त्यामुळे लोक त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच माना डोलावतात. आज कोणी हललं नाही. "मॅडम, गेल्या वेळी... मला केटी लागली. तीन मार्कांनी विषय राहिला. घरी सगळे म्हणाले... सोडून दे कॉलेज."

मॅडमना त्याच्याकडे बघवलं नाही.

"ठीक आहे," सामंतांनी घसा खाकरला. "सुपरवायझर बदलू. मॅडम लेखी माफी देतील. विषय इथेच मिटवू, कॉलेजचं नाव आहे."

"नाही सर." नम्रता उठली. "माफी मला नको. विद्यापीठाला पत्र हवं, तुमच्या सहीचं. या पेपरासाठी आणि मागच्या दोन सेमिस्टरसाठीही. अमितच्या केटीसकट. आणि ते पत्र मी इथेच बसून वाचून घेणार."

"एवढं ताणायची गरज आहे का?"

"दया मागायला आले असते तर चिक्की खाऊन गेले असते."

सव्वातास लागला. पत्र अनुजाने दोनदा वाचून दाखवलं, आणि एका ठिकाणी 'गैरसमज' लिहिलं होतं तिथे नम्रताने 'फेरफार' घालायला लावलं.

दुसऱ्या दिवशी पेपर होता. नवे सर, अबोल. नम्रताचा पाचवा प्रश्न एक चाळीसला पूर्ण झाला. अनुजाने पेन खाली ठेवलं. सर जवळ आले. "झालं असेल तर द्या, मोकळे व्हा."

"किती वाजले सर?"

"एक एक्केचाळीस."

"मग नऊ मिनिटं आहेत अजून," नम्रता म्हणाली. "अनुजा, पहिल्या प्रश्नापासून वाच. सावकाश."