जित्या बाईच्या फोटोला हार

सिनेमाचा ट्रेलर वैभवीच्या मोबाइलवर तिसऱ्यांदा लागला, तेव्हा जेवणं आटपून आम्ही बेटेगावच्या घराच्या ओट्यावर वालाच्या सुक्या शेंगा सोलत बसलो होतो. इंग्लंडच्या राणीच्या काळातली एक गाजलेली कादंबरी, तिच्यावरचा हा नवा मराठी सिनेमा. ती कादंबरी मी कॉलेजात वाचली होती. कोणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही. नव्या सुनेने बोलण्यापेक्षा सोललेलं बरं.

"वहिनी, रविवारी बोईसरला जाऊ या ना बघायला!" वैभवी, माझी नणंद, म्हणाली. "आपल्या एडवणला शूटिंग झालंय त्याचं."

"खुशाल जा," कोपऱ्यातल्या खुर्चीवरून रामनाथकाका म्हणाले. काका म्हणजे माझे चुलतसासरे. "पन त्यातला दिवाणखाना आला, का डोळे मिटा. भिंतीकडं बघू नका."

झालं. सगळ्यांचे हात थांबले. काकांना तेच हवं होतं, असं मला वाटलं. पुढे तसं वाटेना.

"माझा दोस्त आनंदा," काका सांगू लागले. "एडवणला एका मुंबईकराचा बंगला नि वाडी राखतो. बंगल्याची मालकीण जाऊन बरीच वर्षं झाली. दिवाणखान्यात तिचा मोठा फोटो, खुर्चीवर बसलेली, हातात सोन्याच्या जड बांगड्या, फोटोला चंदनाचा हार घातलेला. मग हे सिनेमावाले आले. त्यांच्या गोष्टीतपन भिंतीवर मेलेल्या बायकोचा फोटो."

"तैलचित्र," माझ्या तोंडून गेलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढची शेंग उचलली.

"तेच. नवी बायको घरात येते नि त्या चित्राला बिचकते. पन मालकिणीचा फोटो म्हातारपणचा. त्यांना पायजे तरणी, देखणी. सजावट बघणारी एक पोरगी होती, रूपल. ती आनंदाच्या घरी पाणी प्यायला गेली, तिथं तिला आनंदाच्या बायकोचा, रंभाबाईचा, लग्नातला फोटो दिसला. 'काका, हाच द्या!' आनंदा फुगला. बायको सिनेमात दिसणार! बायकोला सांगितलं, फोटोची काच बदलून आणतो."

"म्हणजे खोटं बोलले?" वैभवी म्हणाली.

"नवराच तो. खरं सांगायला त्याला वेळ कुठं?"

हसलो. ते शेवटचं हसणं.

"मालकिणीचा फोटो उतरवला. मागच्या खोलीत नेला, भिंतीकडं तोंड करून ठेवला. त्याच खिळ्याला रंभाबाई. आता नवा हार आणायला पालघरला कोण जाणार? मालकिणीच्या फोटोचा काढला, नि हिच्या फोटोला घातला."

सासूबाई ओटा पुसायचं फडकं घेऊन दारात आल्या होत्या. तिथेच थबकल्या. "भावजी, जित्या बाईला?"

"जित्या सवाष्णीला, वहिनी. मेलेलीचा उतरवून."

काकांनी आवाज खाली घेतला. "गेल्या साली, मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. रंभाबाईनं लक्ष्मीचा घट मांडलेला. दुपारी शेजारची सुगंधा आली. तिचा भाऊ शूटिंगला पाणी पोचवायचा, त्यानं मोबाइलवर काढलेला त्या भिंतीचा फोटो तिनं दाखवला. रंभाबाईनं तो बघितला. हातातलं कुंकू खाली ठेवलं, नि जाऊन पडली. आनंदा अंधार पडल्यावर घरी आला, तर तिचे हातपाय गार. ताप नाय, दुखणं नाय. नुसती गार. म्हणाली, 'माझा हार काढून आना. नायतर ही रात्र मला निघायची नाय.'

"आनंदा निघाला. बंगला वाडीच्या पल्याडच. त्याच्या मागं तिनं कशीबशी उठून आतनं कडी लावली. ते त्यानं कानानं ऐकलं.

"सिनेमावाले सामान तिथंच ठेवून मुक्कामाला गेलेले. बंगल्यात चिटपाखरू नाय. टॉर्च मारला. भिंतीवर रंभाबाई. गळ्यात हार. स्टूल घेतलं. चढला. हाराला हात लावला...

"हार गरम होता. आत्ताच कोनाच्या अंगावरनं काढल्यागत."

लांब एमआयडीसीकडे कंपन्यांची घरघर चालू होती. एरवी ती मला ऐकू येत नाही.

"हार काढला, रंभाबाईचा फोटोपन उतरवून घेतला. आता हार ठेवायचा कुठं? जिचा तिला द्यावा. मागच्या खोलीत गेला. फोटो तिथंच. भिंतीकडं तोंड. त्यानं फिरवला..."

काकांनी दोन्ही हातांनी फोटो फिरवून दाखवला.

"काका..." वैभवी म्हणाली.

"खुर्ची होती. खुर्चीमागचा पडदा होता."

...

"बसलेलं कोन नव्हतं."

वैभवीने मोबाइल उलटा ठेवला.

"आनंदा पळाला. हार टाकला. रंभाबाईचा फोटो छातीशी. वाडीतनं. अंधारातनं. एकच डोक्यात. ती इथं नाय... तर कुठं हाय?

"घर आलं. दिवा चालू. कडी आतनं. हाक मारली. उत्तर नाय. दाराला कान लावला. बांगड्या वाजल्या. रंभाबाईच्या, काचेच्या. मग दुसऱ्या. सोन्याच्या... जड.

"मग कडी निघाली. रंभाबाईच. एकटी. त्यानं हात धरला, तर हात ऊन. कपाळाला कुंकू, एवढं मोठं. म्हणाली, 'उशीर केलात. बाई आत्ताच गेल्या.'

"'कोन बाई?'

"'नाव नाय सांगितलं. ओटी भरून गेल्या.'"

सवाष्णीची ओटी सणाला भरतात. तिला शेवटचं घराबाहेर काढतानाही भरतात. यातली कुठली, हे विचारायचं धाडस ओट्यावर कोणालाच नव्हतं.

"आणि... तो फोटो?" वैभवीने विचारलं.

"सकाळी चार माणसं घेऊन आनंदा गेला. मालकीण जागेवर. होती तशी बसलेली. सिनेमावाले म्हणाले, काका, झोप घ्या."

"आणि रंभामावशी?"

"जिती हाय. चालते, भांडते. डाक्टर म्हणतो, काय नाय झालेलं."

"मग तर बरंच झालं की," मी म्हणाले. खरं तर स्वतःलाच म्हणाले.



"ओटीतले तांदूळ, नारळ तिनं समुद्रात सोडले. खण तेवढा ठेवला. हिरवा. ओटीत आला तेव्हाच भिजलेला होता, म्हणून दोरीवर वाळत टाकला. अंगणात, उन्हाला." काका खुर्चीतून उठले. "होळी गेली. मे गेला. आपल्याकडच्या उन्हात बोंबील दोन दिसांत कडक होतो, पोरी..."

दारात ते वळले.

"परवा हात लावून आलो. अजून ठिबकतो."