तीन थापा

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. घडलं माझ्या धाकट्या मावशीच्या बाबतीत. रविवारी, भर दुपारी दोन वाजता.

मावशी प्रयोगशाळेत पेशी वाढवते. हॅमस्टरच्या, म्हणजे उंदराच्या एका चुलतभावाच्या. माणसाचा विषाणू या पेशींत शिरू शकत नाही, त्याला दारच सापडत नाही. म्हणून काही पेशींत माणसाचा जीन घालून ते दार मुद्दाम बसवतात. मग विषाणू आत शिरतो, वाढतो आणि त्याच्यावर औषधं तपासता येतात.

दाराच्या आणि बिनदाराच्या बाटल्या दिसायला अगदी सारख्या. म्हणून नियम एकच... नाव बाटलीवर लिहायचं, टोपणावर कधीच नाही. टोपणं बदलतात.

मावशीने टोपणावर लिहिलं. आळस, दुसरं काय!

तिच्या शेजारी थापीताई काम करायची. तळाला चिकटलेल्या पेशी सुट्या करायला ती बाटलीला तळहाताने मोजून तीन थापा मारायची, म्हणून हे नाव.

थप... थप... थप.

मावशीच्या टोपणावर भरवसा ठेवून तिने एक बाटली विषाणूसाठीच्या बंदिस्त कपाटात न उघडता साध्या टेबलावर उघडली. बिनदाराची समजून. ती दाराची निघाली, विषाणूने भरलेली.

अकराव्या दिवशी थापीताई गेली. खोकून खोकून.

चौकशीत मावशी म्हणाली, "टोपणं तिनेच बदलली असतील हो. धांदरटच होती." मेलेलं माणूस थोडंच जाब विचारायला येणार, असं वाटलं असेल तिला. त्याच संध्याकाळी तिने आपल्या अक्षरातली सगळी टोपणं भट्टीत जाळली.

महिनाभराने, त्या रविवारी, ती पेशींचं खाणं बदलायला एकटीच गेली.

पेशी उबेत ठेवायच्या कपाटातून, बंद इनक्युबेटरमधून आवाज आला...

थप... थप... थप.

तिने दार उघडलं. आत कुणी नव्हतं. बाटल्या मात्र सगळ्या उघड्या.

आणि टोपणं एका ओळीत मांडलेली...

प्रत्येकावर मावशीचंच अक्षर.

तिची पाचावर धारण बसली. तडक थापीताईच्या आईचं घर गाठलं आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं.

म्हातारी शांतपणे म्हणाली, "ठाऊक आहे मला. ती रोज दुपारी येऊन सांगते."

"मला माफ करायला सांगा ना तिला!"

"ज्यांच्यासमोर खोटं बोललीस, त्यांच्यासमोर खरं बोल म्हणते. तोवर सोडणार नाही. आणि मीही तिला सोड म्हणणार नाही, बाई."

मावशी अजून बोललेली नाही. नोकरी जाईल म्हणते. मला तिचा राग येतो आणि कीवही येते.

काल दुपारी मी तिच्याकडे गेले होते. हल्ली ती खोकते. डॉक्टरांना काही सापडत नाही. भिंतीला पाठ टेकून ती माझ्यासमोर बसली होती. दोन वाजले...

तिच्या पाठीतून आवाज आला.

थप... थप... थप.

मग मावशीला खोकला सुटला. आत चिकटलेलं काहीतरी सुटं होत होतं.